हबचे आटे गेले, तर सायकल थांबणार कशी?

साध्या सायकलचे पॅडल थांबवले तरी चाक फिरत राहते, कारण मागच्या चाकावरील फ्रीव्हील चेनला मोकळीक देते. फिक्स्ड गिअर सायकलमध्ये ही सोय नसते. दंतचक्र थेट हबवर घट्ट बसवलेले असते. चाक फिरते तोवर पायही फिरतात आणि पायांनी उलटा जोर दिला की वेग कमी होतो. वेलोड्रोमवरील शर्यतीच्या सायकली याच पद्धतीच्या असून, त्यांना ब्रेक नसतात. न्यूयॉर्क, लंडनसारख्या शहरांतील कुरिअर पोचवणाऱ्या सायकलस्वारांमुळे ही सायकल रस्त्यावर लोकप्रिय झाली. मात्र तिचे सारे थांबणे मागील हबच्या काही आट्यांवर अवलंबून असते, याचा अनेकांना विसर पडतो.

रचना काय असते?

हबवर आट्यांच्या दोन पायऱ्या असतात. आतल्या मोठ्या पायरीवर दंतचक्र बसते. तिचा प्रचलित व्यास १.३७ इंच असून, प्रत्येक इंचात २४ सरळ आटे असतात. बाहेरच्या लहान पायरीवर उलट्या आट्यांची लॉकरिंग बसते. पुढे पॅडल मारल्यावर दंतचक्र आवळले जाते, तर उलटा जोर दिल्यावर ते सुटू पाहते. त्या वेळी लॉकरिंग उलट्या आट्यांमुळे अधिकच आवळली जाते आणि दंतचक्राला रोखून धरते.

आटे का जातात?

हब बहुधा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, तर दंतचक्र पोलादाचे असते. दंतचक्र पुरेसे आवळलेले नसेल, तर ते प्रत्येक उलट्या जोरासरशी किंचित मागे-पुढे सरकते आणि मऊ धातूचे आटे खरवडले जातात. दंतचक्र तिरपे चढवणे, वेगळ्या मापाची लॉकरिंग बसवणे किंवा लॉकरिंगची पायरीच नसलेल्या फ्रीव्हीलच्या हबवर दंतचक्र बसवणे, ही अन्य कारणे होत.

कसे ओळखावे?

उलटा जोर देताना पॅडलला झटका बसणे, लॉकरिंग वारंवार सैल होणे आणि तिच्याभोवती ॲल्युमिनियमचा चुरा दिसणे, ही प्रमुख लक्षणे आहेत. सैल चेन किंवा सैल क्रँकमुळेही असाच झटका बसतो, म्हणून ते आधी तपासावेत. त्यानंतर दंतचक्र, लॉकरिंग आणि हब यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. थोडा वेळ सायकल चालवून ब्रेकने थांबल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर दंतचक्र सरकत आहे हे निश्चित.

उपाय कोणते?

चाक काढून लॉकरिंग उजवीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून सोडवावी. दंतचक्र मात्र डावीकडे सुटते. रॉकेल आणि ब्रशने आटे स्वच्छ करून उजेडात पाहावेत.

केवळ लॉकरिंगचे आटे गेले असतील आणि आतली पायरी शाबूत असेल, तर तेथे फ्रीव्हील बसवता येते. अशा वेळी पुढे व मागे दोन्ही ब्रेक आवश्यक ठरतात. हबच्या दोन्ही बाजूंना फिक्स्ड गिअरचे आटे असतील, तर चाक उलटे करून दुसरी बाजू वापरावी. आतले आटेच गेले असतील, तर हब बदलणे हाच मार्ग आहे. रिम चांगली असल्यास तीच वापरून नव्या हबवर चाक विणता येते. मात्र स्पोकची लांबी नव्या हबच्या मापाने ठरवावी लागते. गोंद, इपॉक्सी किंवा वेल्डिंगने दंतचक्र चिकटवण्याचा मोह टाळावा. असा जोड नेमका जोराने थांबताना सुटण्याचा धोका असतो.

बसवताना काळजी

आट्यांना ग्रीस लावून दंतचक्र आधी हातानेच फिरवावे. ते अडल्यास जोर न लावता पुन्हा सुरुवात करावी. त्यानंतर चेनच्या पान्याने दंतचक्र आणि आकड्याच्या पान्याने लॉकरिंग आवळावी. एखादा चढ जोराने चढून लॉकरिंग पुन्हा घट्ट करावी. हे होईपर्यंत पायांनी उलटा जोर देऊ नये.

सर्व दक्षता घेऊनही आटे दगा देऊ शकतात. ते सुटले की चाक मोकळे फिरू लागते आणि पायांचा त्यावर काहीही अंमल राहत नाही. ब्रिटनमध्ये १९८३च्या नियमांनुसार रस्त्यावरील सायकलला दोन स्वतंत्र रोधक यंत्रणा लागतात आणि फिक्स्ड चाक मागील यंत्रणा म्हणून धरले जाते. म्हणजे पुढचा ब्रेक हवाच. आपल्या रस्त्यांवरही हाच शहाणपणा लागू पडतो.