मागचे स्प्रॉकेट हलते आहे? आधी दोष शोधा, मग चेन-सेट बदला

मानखुर्दच्या टी जंक्शनवर घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता शीव-पनवेल महामार्गाला मिळतो. येथे अवजड मालमोटारींच्या गर्दीतून वाट काढताना दुचाकीस्वाराला पदोपदी थांबावे लागते आणि पुन्हा निघावे लागते. ही गर्दी मागे पडली की समोर येतो तो वाशी खाडी पुलाचा वेगाचा रस्ता. अशा मार्गावर रोज ये-जा करणाऱ्या मोटारसायकलच्या मागच्या चाकातून एखाद्या दिवशी ‘खट्’ असा आवाज येऊ लागतो. चालक चेन ताणून घेतो. आवाज थांबला नाही, तर संपूर्ण चेन-सेट बदलतो. खर्च होतो, मात्र दोष तसाच राहतो. कारण पुष्कळदा तो चेनमध्ये नसतोच.

ढिलाई कोठे कोठे असू शकते?

मागचे स्प्रॉकेट, म्हणजे चेनचे मोठे दातेरी चक्र, बहुतेक मोटारसायकलींत थेट चाकावर बसवलेले नसते. ते नट-बोल्टने कपलिंगवर आवळलेले असते. कपलिंगचे पंख चाकाच्या ड्रममधील रबरांच्या खाचांत बसतात. अॅक्सिलरेटर पिळताना किंवा सोडताना चेनला बसणारा हिसका ही रबरे पचवतात. रॉयल एन्फील्डने ही युक्ती गेल्या शतकाच्या प्रारंभीच आपल्या मोटारसायकलींत वापरली होती. अनेक मॉडेलांत कपलिंगसाठी स्वतंत्र बेअरिंग असते, काहींत नसते.

त्यामुळे स्प्रॉकेट हाताला हलताना जाणवले, तरी दोष पाच ठिकाणी असू शकतो : स्प्रॉकेटचे नट, कपलिंगचे बेअरिंग, ड्रम रबर, चाकाची बेअरिंग, आणि चाक धरून ठेवणारा स्विंग आर्म, ज्याला मेकॅनिक ‘चिमटा’ म्हणतात. कोणता भाग कोणत्या भागाच्या तुलनेत हलतो, हे पाहणे हेच निदानाचे मर्म आहे.

तपासणीपूर्वी

इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि डबल स्टँडवर घ्यावी. गाडीला डबल स्टँड नसल्यास मागचे चाक उचलणारा स्टँड वापरावा. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चाक फिरवत तपासणी करू नये. चेन आणि स्प्रॉकेट यांच्यात सापडलेले बोट तुटू शकते.

गाडी धुण्यापूर्वीच नटांभोवती नजर टाकावी. तेथे तांबूस भुकटी दिसली, तर धातूचे दोन भाग एकमेकांवर घासत असल्याची ती खूण होय. चेन कव्हरच्या आतील बाजूस ताजे, चकाकणारे ओरखडे असतील, तर चेन बाजूला हेलकावत आहे असे समजावे.

तपासणीचा क्रम

पहिली चाचणी चाकाची. टायर वरच्या व खालच्या टोकाला धरून आडवा हलवावा. चाक चिमट्याच्या तुलनेत हलून ‘टक्’ असा आवाज आला, तर एक्सेलचा नट सैल आहे किंवा चाकाची बेअरिंग झिजली आहेत. चाकासोबत चिमटाही डावी-उजवीकडे सरकत असेल, तर चिमट्याचे बुश तपासावेत.

चाक घट्ट असल्यास दुसरी चाचणी करावी. ताणलेली चेन ढिलाई झाकून ठेवते, म्हणून आधी चेन सैल करावी. मग स्प्रॉकेट समोरासमोरच्या दोन बाजूंनी धरून आत-बाहेर हलवावे. स्प्रॉकेट कपलिंगवर हलत असेल, तर नट सैल आहेत किंवा बोल्टची भोके मोठी झाली आहेत. दोन्ही मिळून ड्रमपासून डुलत असतील, तर संशय कपलिंगच्या बेअरिंगवर किंवा त्याच्या घरावर घ्यावा. अगदी किंचित हालचाल काही मॉडेलांत नव्या गाडीतही आढळते. म्हणून त्याच मॉडेलच्या सुस्थितीतील गाडीशी तुलना करणे उत्तम.

तिसरी चाचणी रबरांची. सहकाऱ्याने मागचा ब्रेक दाबून चाक रोखून धरावे आणि स्प्रॉकेट फिरण्याच्या दिशेने पुढे-मागे ढकलावे. लगेच मऊ अडसर जाणवला, तर रबरे ठीक आहेत. आधी पोकळ जागा आणि मग ठोका जाणवला, तर ती झिजली आहेत. अशी गाडी वाहतूक कोंडीत अॅक्सिलरेटर सोडताना-पिळताना गचके देते.

चौथ्या चाचणीत चाक हाताने सावकाश फिरवून मागून स्प्रॉकेटकडे पाहावे. ते डावी-उजवीकडे लहरत असेल, तर वाकलेले आहे, नीट बसलेले नाही किंवा बेअरिंग गेले आहे. चेन एका जागी ताठ व दुसऱ्या जागी सैल होत असेल, तर चेन किंवा स्प्रॉकेट असमान झिजले आहे. दात एका बाजूला आकड्यासारखे वळले असतील, तर चेन-सेट बदलण्याची वेळ खऱ्या अर्थाने आली आहे.

शेवटचा निर्णय चाक काढल्यावर घ्यावा. बेअरिंगची आतली कडी बोटाने फिरवून पाहावी. ती खरखरली, अडखळली किंवा डगमगली, तर बेअरिंग बदलावे.

वरवरचे उपाय

झिजलेल्या रबरांभोवती जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कोंबणे किंवा बेअरिंगचे सैल झालेले घर पंच मारून आवळणे, हे उपाय गॅरेजमध्ये सर्रास केले जातात. ते काही दिवसांपुरते चालतात. चेन अधिक ताणणे तर घातकच, कारण त्याने दुबळ्या बेअरिंगवरचा भार वाढतो. चालक बसल्यावर आणि खड्ड्यात चाक वर उचलले गेल्यावर चेन आणखी ताठ होते. म्हणून तिला सैलपणा लागतोच. साध्या प्रवासी मोटारसायकलींत तो साधारण २० ते ३० मिलिमीटर असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा मालकाच्या पुस्तिकेत पाहावा.

जोडणी करताना नट समोरासमोरच्या क्रमाने, पुस्तिकेत दिलेल्या जोराने आवळावेत. लॉक वॉशर असल्यास नवे घालावेत. दोन बेअरिंगांमधील स्पेसर विसरला, तर एक्सेल आवळताच नवी बेअरिंगही दाबली जाऊन लवकर खराब होतात. खाडीलगतची खारी हवा, पावसाळ्यातील चिखल आणि धुताना थेट हबवर मारलेला पाण्याचा फवारा यांमुळे बेअरिंगमधील ग्रीस निघून जाते. पावसाळ्यानंतर एकदा ही तपासणी अवश्य करावी.

गाडी कधी थांबवावी?

झिजलेली रबरे घेऊन सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. मात्र स्प्रॉकेटचा एखादा नट गळालेला असणे, चाक चिमट्यात डुलणे किंवा चेन एकदा जरी उतरलेली असणे, यांपैकी काहीही आढळल्यास गाडी चालवूच नये. उतरलेली चेन स्प्रॉकेट आणि चिमटा यांच्यात अडकली, तर मागचे चाक क्षणात जाम होते. खाडी पुलावर, मागून मालमोटार येत असताना, असे घडले तर सावरायला वेळ मिळत नाही. ही सारी तपासणी अर्ध्या तासाची आहे. ती घराजवळ, पूल चढण्यापूर्वीच झालेली बरी.