चिलीम

तंबाखू ओढण्याची भाजक्या मातीची, नरसाळ्याच्या आकाराची नळी. तिला हुक्क्यासारखे पाणी लागत नाही. तळाशी एक खडा ठेवतात. त्यामुळे जळती तंबाखू तोंडात येत नाही आणि हवेला वाट राहते. वर हलक्या हाताने तंबाखू भरतात. गच्च दाबली तर धूर नीट ओढला जात नाही. निमुळत्या टोकाला भिजवून पिळलेली फडक्याची पट्टी, म्हणजे ‘छापी’, लावतात. तिच्यामुळे धूर निवतो. छापी कोरडी असेल, तर चिलमीची खरी चव लागत नाही. विस्तवासाठी पूर्वी चकमक व कापूस वापरीत.

चिलीम राखणे हे ओढण्याइतकेच महत्त्वाचे. ती निवल्यावर खडा काढून राख झाडावी, चिंधी पिळून नळीतून ओढावी. साचलेला कीट निघेना, तर चिलीम निखाऱ्यात भाजतात.

तंबाखू पोर्तुगीजांमार्फत भारतात आली. निपाणीचा परिसर तिच्या पिकासाठी प्रसिद्ध आहे. काही भागांत आपट्याच्या पानात तंबाखू गुंडाळून ओढण्याचीही रीत आहे. या रीतीला कोणतेही उपकरण लागत नाही. कोणत्याही प्रकारे ओढली, तरी तंबाखूने कर्करोग व हृदयविकार संभवतात.