चांदणीची गाडी, शेंडीची जीप

१० डिसेंबर १९२६. भंडारदऱ्याच्या धरणावर गर्दीच्या कडेला तुम्ही उभे आहात. प्रवरेला अडवणारी ही दगडी भिंत बांधायला सोळा वर्षं लागली. आज मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन तिचं उद्‌घाटन करताहेत आणि भिंतीला नावही त्यांचंच. भाषण इंग्रजी, थंडी मात्र अस्सल इथली. जर्मनीत याच वर्षी जूनमध्ये डाइमलर आणि बेंझ या दोन मोटार कंपन्या एक झाल्या. एकीची तीन टोकांची चांदणी दुसरीच्या पानांच्या हारात बसली. इथं जमलेल्या कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. तुम्हाला आहे, म्हणून पुढे निघा. मधलं युद्ध आणि बेचिराख झालेले कारखाने न थांबता ओलांडा.

फेब्रुवारी १९५४, न्यूयॉर्कचं मोटार प्रदर्शन. समोर मर्सिडीज ३०० एसएल. दार बाहेर ओढू नका, ते वर उचलायचं. दोन्ही दारं उघडली की गाडीला पंख फुटल्यासारखे दिसतात. हे नखरे नव्हेत, नाइलाज आहे. बारीक नळ्यांचा पिंजरा हाच या गाडीचा सांगाडा, आणि बाजूच्या नळ्या इतक्या उंचावरून जातात की नेहमीचं दार बसायला जागाच उरत नाही. आत शिरायचं तर आधी त्या उंच कठड्यावर टेकायचं, मग पाय आत घ्यायचे, आणि ड्रायव्हर असाल तर स्टिअरिंगचं चाक वाकवून ठेवायचं. धोतर नेसून हा प्रयोग करू नये. बॉशचा पंप पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतो, ताकद २१५ अश्वशक्तीच्या घरात. दोनच वर्षांपूर्वी हिच्या शर्यतीच्या थोरल्या बहिणीनं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत मारली होती. १९५७ पर्यंत अशा पंखवाल्या गाड्या १४०० निघतील.

बाकीच्यांकडे चालता चालता नजर टाका: इंजिन मागे ठेवणारी, रेडिएटरचं नावच नसलेली पोर्शे ३५६, चॅन्सेलर आडेनाउअर बसायचे म्हणून त्यांच्याच नावानं ओळखली जाणारी काळीभोर मर्सिडीज ३००, आणि थोड्या वर्षांनी बीएमडब्ल्यूची ५०७, इतकी देखणी की अडीचशेच्या आसपास विकून कंपनीच जवळपास बुडाली. तिला सावरण्यात मोठा हात होता तो इसेटा नावाच्या, पुढून दार उघडणाऱ्या अंडाकृती चिमुकलीचा. मला विचाराल तर या सगळ्या गोतावळ्यात खानदानी तीच.

आता कसारा घाटात उतरा. साल १९५६. वळणावर ट्रक धापा टाकत चढतोय, आणि जाळीवर तीच चांदणी. १९५४ मध्येच टेल्कोनं डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनू लागले. परदेशी मोटारींवर परवाने आणि जकातीचा असा पहारा, की ३०० एसएलसारखी गाडी घोटीच्या बाजारपेठेला चित्रातही दिसणार नाही. पण ही चांदणी घाटातल्या चहावाल्यालाही ओळखीची झाली. क्लीनर खाली उडी मारतो, चाकामागे दगड लावतो आणि रेडिएटरचं झाकण फडक्यानं धरून सोडवतो. वाफ उठते. लांब उभे राहा.

१९५८. इथं दोन ठिकाणी एकदम हजर राहायला हवं. जर्मनीत मर्सिडीज १९० डी बाजारात येते: गोलसर अंगाची, डिझेलवर चालणारी, जेमतेम ५० अश्वशक्तीची आणि घाई माहीत नसलेली. मुंबईत गोरेगावला नवलमल फिरोदियांचा कारखाना हॅम्बुर्गच्या तंत्रावर तीनचाकी टेम्पो काढायला लागतो. फिरोदिया आपल्या अहमदनगरचे. पेशानं वकील, स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले. त्या डिझेल मोटारीचा आणि या टेम्पोचा आज काही संबंध नाही. थांबा.

१९७३. त्या १९० डीच्या इंजिनाचं नातवंड आता २.४ लिटरचं झालंय आणि २४० डी या मोटारीत बसलंय. जर्मन टॅक्सीवाले तिच्यावर जीव टाकतात. सिग्नलला ती सगळ्यांच्या मागे राहते, पण तिचे किलोमीटर मोजता मोजता मालक म्हातारा होतो. ऐंशीच्या दशकात फिरोदियांची बजाज टेम्पो हेच इंजिन परवान्यानं पुण्याजवळ बनवू लागते आणि पुढे ते ट्रॅक्स या जीपमध्ये बसतं. ट्रॅक्स म्हणजे आपली वडाप.

डिसेंबर १९९६, पहाटे शेंडी. भंडारदऱ्याच्या धरणाच्या बाजूनं गार वारा येतोय. घोटीला जाणारी जीप उभी आहे. ड्रायव्हर किल्ली अर्धी फिरवून थांबतो. "हीटर घिऊ द्या," म्हणतो. सिलिंडरच्या डोक्यावरच्या छोट्या खोलीत प्लगचं टोक लालबुंद होईस्तोवर डिझेल पेटत नाही, हे त्याला कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. मनातल्या मनात आकडे मोजतो, किल्ली पुढे सारतो. खडखड, पांढरा धूर, आणि मग तो दमदार, एकसुरी ठोका. जर्मन टॅक्सीत वाजायचा तोच. तिथं तो गालिच्याखालून येत होता, इथं पत्र्यातून थेट पायाला लागतो.

"मावशी, पोतं टपावर द्या. बाबा, सरका जरा. सायेब, तुमी मधी बसा."

नऊ जणांच्या जागेत चौदा जण. बारीच्या चढाला ड्रायव्हर दुसरा गिअर टाकतो. डावीकडे कळसूबाईच्या माथ्यावर ऊन लागलंय. इतका लांबचा फेरा करून आल्यावर तुम्हाला राहवत नाही. इंजिन मर्सिडीजचं आहे, असं तुम्ही त्याला सांगता.

"म्हाईत हाय," तो आरशात न बघता म्हणतो. "घोटीचा मिस्त्री सांगतो. पानी दाखवा, ऑइल येळेवर बदला, मरत न्हाई. पन सायेब, ॲव्हरेज?"

बारीच्या फाट्यावर कोंबडीचा झाप घेऊन एक आजी हात करते. तो ब्रेक मारतो.