अंगणातली शाळा, कुरणातली शाळा

शिक्षकाने ध्येय बाळगावे, याविषयी कोणाचेच दुमत नाही. अडचण येते ती पुढे. जूनमध्ये शाळा उघडते, शिक्षक मनाशी काही योजतो; आणि दिवाळीची सुट्टी जवळ येते तेव्हा त्याच्या ध्यानी येते की, ज्यांच्यासाठी योजना केली ती मुलेच वर्गात नाहीत. अशा वेळी बहुतेक ठिकाणी ध्येयच थोडे लहान करून घेतले जाते. जी मुले येतात त्यांचा निकाल चांगला लागला म्हणजे समाधान मानायचे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हे समाधान मान्य नव्हते. ठाणे जिल्ह्यातील (आता तो भाग पालघर जिल्ह्यात आहे) डहाणू तालुक्यात त्यांनी जे केले, त्याची कथा शिक्षकी पेशातील प्रत्येकाने जाणून घेण्याजोगी आहे.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांच्याकडे होते. पद मानाचे, वेतनही चांगले. ते सोडून १९२३ साली त्या भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात काम करू लागल्या. गिजुभाई मूळचे वकील. पुढे लहान मुलांच्या शिक्षणाला त्यांनी सर्वस्व वाहिले. १९२६ साली या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. त्याचे ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक गुजरातीत निघे. मराठी आवृत्ती ताराबाईंनी चालविली. पुढे मुंबईत दादरला शिशुविहार उभा राहिला आणि नावारूपास आला.

येथेच एखादा थांबला असता, आणि त्याला कोणी नावे ठेवली नसती. परंतु ताराबाईंना एक गोष्ट सलत होती. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये आपले पहिले बालगृह काढले ते सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. आपल्या देशात मात्र तीच पद्धती सुखवस्तू घरांची होऊन बसली. सुबक लाकडी साधने, त्यांची किंमत, शाळेची फी. हे सारे ज्याला परवडेल त्याचे मूल बालमंदिरात. गरिबांच्या मुलांसाठी निर्माण झालेली वस्तू गरिबांनाच मिळेनाशी झाली, यापरता विपर्यास तो कोणता? खेड्यातल्या मुलापर्यंत बालशिक्षण न्यायचे, असे ताराबाईंनी ठरविले तेव्हा त्यांचे वय ५३ होते.

१९४५ च्या अखेरीस समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी त्या टापूत गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा पेटला होता. वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथांखाली पिढ्यान्‌पिढ्या पिचलेला माणूस नुकता मान वर करीत होता. ज्या घरी लग्नाच्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराच्या शेतावर राबत, त्या घरातले चार वर्षांचे मूल बालवाडीत कोण आणून पोहोचवणार?

ताराबाईंना साथ मिळाली अनुताईंची. १९१० साली जन्मलेल्या अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. पुढे त्या शिक्षिका झाल्या. पुण्याच्या हुजूरपागेत दिवसा शिकवीत आणि रात्रशाळेत स्वतः शिकत त्या मॅट्रिक झाल्या. ती स्थिर नोकरी सोडून वयाच्या पस्तिसाव्या वर्षी त्या बोर्डीला आल्या. पन्नाशी ओलांडल्यावर त्या बी.ए. झाल्या, हेही जाता जाता सांगावयास हवे. विद्यार्थ्यांनी शिकावे म्हणणाऱ्या बाईंनी स्वतःचे शिकणे थांबविले नाही.

बोर्डीत आधी एका ठरावीक जागी बालवाडी भरू लागली. गावातली मुले आली. हरिजन वस्तीतली आणि पाड्यांवरची आली नाहीत. तेव्हा शिक्षिकाच वस्तीत जाऊ लागल्या. एखाद्या घराचे अंगण झाडून घ्यायचे आणि तेथेच मुले जमवायची. आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे हा पहिला पाठ. लाकडी साधनांची जागा शिंपले, खडे, पाने, बिया, माती यांनी घेतली. लहानमोठे, हलकेजड, रंग आणि संख्या हे सगळे त्यांतून शिकवता येते. समुद्राने आणि रानाने पुरविलेल्या या साहित्याला पैसा पडत नव्हता. आईच्या डोळ्यांसमोरच हे चाले, त्यामुळे आईचेही थोडे शिक्षण होई. अंगणात भरणारी म्हणून हिचे नाव अंगणवाडी.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. बोर्डी हे बागायतीचे, तुलनेने सुखी गाव. आदिवासींचे पाडे आतल्या बाजूस होते. येथे नवाच पेच उभा राहिला. सहासात वर्षांचा मुलगा सकाळी गुरे घेऊन रानात जाई. मुलगी घरी राही, कारण धाकटे भावंड तिच्या कडेवर. दोघांनाही शाळेची हौस असो वा नसो, सवडच नव्हती. आळस, अनास्था असे शेरे मारून मोकळे होणारे अधिकारी तेव्हाही होते. ताराबाई-अनुताईंनी शेरा मारला नाही. मुलांचा दिवस कसा जातो ते पाहिले. गुरे चरतात तेथे शिक्षक जाऊ लागला, आणि ती झाली कुरणशाळा. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी म्हणत. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ताई पाटी घेऊन वर्गात. मध्येच तान्हे रडू लागले तर उठून त्याला बघून यायचे आणि पुन्हा बसायचे. शिस्तीच्या भोक्त्यांना ते खपले नसते. पण त्यांच्या शिस्तीत ही मुलगी शाळेबाहेरच राहिली असती.

यश मिळाले ते सरसकट नव्हे. पेरणी-कापणीच्या दिवसांत वर्ग ओस पडत. कुटुंब कामासाठी गाव सोडून गेले की मूलही जाई. हा प्रश्न एका टेकडीवरून सुटण्याजोगा नव्हताच, आणि जमीन व मजुरी यांचा निकाल लागल्यावाचून शाळेने एकटीने तो सोडवावा, ही अपेक्षाही रास्त नव्हती.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव आहे. आज हा शब्द गावोगावी ऐकू येतो; तो कोणाच्या अंगणातून आला, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. अनुताई १९९२ साली गेल्या. तोवर, ताराबाईंच्या मागे सुमारे दोन दशके, कोसबाडच्या टेकडीवरचे काम त्यांनी चालू ठेवले होते.