चोपण जमीन आणि नत्राची पोती

नीरा खोऱ्यात उसाच्या फडाच्या कडेने चालत गेले, की मध्येच एखादा तुकडा असा लागतो जिथे ऊस गुडघ्याएवढाच राहिलेला असतो. पाने पिवळी आणि मातीवर पांढरा थर. पिवळे पान म्हणजे नत्राची भूक, असे आपण वर्गात शिकवतो. शेतकरीही तेच ऐकून मोठा झालेला असतो. तो युरियाचे आणखी एक पोते आणतो. ऊस मात्र हिरवा होत नाही. ही चूक एकट्या शेतकऱ्याची नाही, तिचा काही वाटा आपल्या शिकवण्याकडेही येतो, असे आम्हांला वाटते.

नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. दुष्काळी मुलखाला आधार व्हावा, हा त्यामागचा हेतू. पण बारमाही पाणी दारात आल्यावर ज्वारी-बाजरीवर कोण थांबणार? ऊस आला. भारी काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. पाटाचे पाणी मुरत राहिले, भूजल वर चढले आणि केशाकर्षणाने मातीतले क्षार घेऊन पृष्ठभागापर्यंत पोचले. पाणी उडून गेले, क्षार मागे राहिले.

डॉ. हॅरल्ड मान हे आसामातल्या चहाच्या मळ्यांवर रसायनतज्ज्ञ म्हणून काम करून १९०७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांनी व्ही. ए. ताम्हाणे यांच्याबरोबर नीरा खोऱ्यातील खारजमिनींवर १९१० मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली. निदान सरळ होते: पाणी जास्त आणि निचरा कमी. म्हणून आधी चर काढा.

त्याच सुमारास, १९०९ मध्ये, जर्मनीत फ्रिट्स हाबर यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया तयार करून दाखवला. १९१३ साली ओपाऊ येथे त्याचा कारखाना उभा राहिला. आपल्याकडे सिंद्रीचा कारखाना १९५१ मध्ये अमोनियम सल्फेट देऊ लागला. (गंमत अशी, की तिथे कच्चा माल म्हणून जिप्सम लागे, म्हणजे चोपण जमिनीचे औषधच!) शेणखत आणि पेंडीवर भागवणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती आता नत्राचे पोते आले. चर खणायला शेजाऱ्यांची संमती लागते, कारण पाणी कुणाच्या तरी शेतातूनच बाहेर काढावे लागते. पोते एकट्याला टाकता येते.

पण जमिनीत काय घडते ते पाहा. खारवट मातीत मुळांना पाणीच ओढून घेता येत नाही. त्यात क्लोराइड हे नायट्रेटच्या वाटेत आडवे येते. अशा जागी खताची जादा मात्रा म्हणजे मिठात मीठ. चोपण जमिनीची तऱ्हा आणखी वेगळी. तिचा सामू साडेआठच्या वर, कधी दहापर्यंतही असतो. युरियापासून अमोनियम बनते आणि सामू सव्वानऊच्या आसपास असला, तर त्यातला जवळजवळ निम्मा भाग अमोनियाच्या रूपात जातो. हा वायू हवेत निघून जातो. वर्गात हे दाखवणे अवघड नाही. चिमूटभर अमोनियम सल्फेट आणि धुण्याचा सोडा थोड्या कोमट पाण्यात कालवा. वास लगेच येईल, पण नाक फार जवळ नेऊ नका. चोपण मातीतही हाच सोडा असतो.

हरियाणात कर्नाल येथे १९६९ मध्ये केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था स्थापन झाली. तिथल्या प्रयोगांतून चोपण जमिनीसाठी क्रम ठरत गेला: जिप्सम घालून सोडियम मोकळा करायचा, पाणी साठवून तो खाली धुवून काढायचा, पहिले पीक भाताचे घ्यायचे. धैंच्याचे हिरवळीचे खत उपयोगी पडते. अशी सुधारणा झाल्यावर मात्र नत्र नेहमीपेक्षा सुमारे पाव हिश्शाने अधिक द्यावे लागते, कारण काही अमोनिया अजूनही उडतोच. भात-गव्हाला हेक्टरी १२० किलोऐवजी १५० किलो, तेही एकदम नव्हे, हप्त्याहप्त्याने.