केडगावच्या बाई

कार्ल युंगवर ज्यूद्वेषाचे आरोप आहेत. मग त्याचं मानसशास्त्र टाकून द्यायचं का? आपल्याकडे असंच त्रांगडं पंडिता रमाबाईंचं. त्यांच्या पुण्यातल्या शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात, असं म्हणत १८९३ साली 'केसरी'ने झोड उठवली. रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आरोप अगदीच हवेतला नव्हता. पण त्याच सदनातली गोदूबाई हिंदूच राहिली, आणि त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला!

केडगावचं प्रकरण जास्त अवघड. १८९६-९७ च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली इथे आणल्या, जगवल्या. पुढे बाप्तिस्मेही झाले. उपाशी मुलीची संमती कितपत खरी? मला हे खटकतंच. पण मुक्ती मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवायला बायकाच होत्या, हेही खोडता येत नाही.