जहाजावरील बिनतारी इंटरनेट

जहाजावरील बिनतारी इंटरनेट म्हणजे समुद्रात असलेल्या जहाजावरील प्रवासी व खलाशी यांना वाय-फायद्वारे मिळणारी इंटरनेट सेवा होय. किनाऱ्याजवळ ही जोडणी जमिनीवरील मोबाइल मनोऱ्यांकडून, तर खुल्या समुद्रात कृत्रिम उपग्रहांकडून मिळते. जहाजातील वाय-फाय हा या व्यवस्थेचा केवळ अखेरचा टप्पा असतो. त्यामुळे फोनवर वाय-फायचे चिन्ह पूर्ण दिसत असतानाही प्रत्यक्षात इंटरनेट बंद असू शकते.

इतिहास

१९१२ मधील टायटॅनिक दुर्घटनेनंतर समुद्रावरील बिनतारी संदेशवहनाचे आंतरराष्ट्रीय नियम अधिक कडक झाले. १९७९ मध्ये जहाजांच्या संपर्कासाठी इन्मारसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १ फेब्रुवारी १९९९ पासून जागतिक सागरी संकट व सुरक्षा यंत्रणा पूर्णपणे लागू झाली आणि संकटसंदेशांसाठी मोर्स लिपीवर अवलंबून राहणे संपुष्टात आले. २०१४ पासून मध्यम कक्षेतील ओ-थ्री-बी उपग्रहांचा, तर २०२२ पासून निम्न कक्षेतील स्टारलिंक उपग्रहांचा वापर मोठ्या पर्यटन जहाजांवर होऊ लागला.

कार्यपद्धती

जहाजाच्या वरच्या भागावर पांढऱ्या घुमटांच्या आत अँटेना बसवलेल्या असतात. जहाज लाटांवर डोलत असतानाही परंपरागत तबकडी अँटेनाला उपग्रहाकडेच रोखून धरण्यासाठी स्वयंचलित यंत्रणा असते. उपग्रहामार्फत संदेश जमिनीवरील भूकेंद्रात आणि तेथून इंटरनेटच्या जाळ्यात जातो. कक्षेच्या उंचीनुसार विलंबात मोठा फरक पडतो.

* भूस्थिर कक्षा (३५,७८६ किमी): संदेश जाऊन उत्तर येण्यास सुमारे अर्धा सेकंद किंवा अधिक वेळ लागतो. मोजके उपग्रह विस्तीर्ण क्षेत्र व्यापतात. मात्र चित्रसंवादात अडथळा जाणवतो.
* मध्यम कक्षा (सुमारे ८,००० किमी): विलंब भूस्थिर उपग्रहांच्या तुलनेत बराच कमी असतो.
* निम्न कक्षा (सुमारे ५५० किमी): विलंब जमिनीवरील जोडणीच्या जवळपास येतो, परंतु उपग्रह वेगाने सरकत असल्याने त्यांची संख्या मोठी असावी लागते.

मर्यादा

उपग्रहाकडून मिळणारी क्षमता जहाजावरील सर्वांमध्ये वाटली जाते. त्यामुळे सायंकाळी किंवा जहाज दिवसभर समुद्रात असताना वेग घटतो आणि पहाटे तो सुधारतो. जहाजाच्या पोलादी भिंती वाय-फायच्या लहरी अडवतात. म्हणून मार्गिकांत व खोल्यांत ठिकठिकाणी प्रसारक बसवून ते केबलने जोडावे लागतात. डोलकाठी किंवा धुरांडे अँटेना व उपग्रह यांच्यामध्ये आल्यास जोडणी खंडित होते. केयू व केए पट्ट्यांतील लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. कोकणच्या पावसाळ्यात ही अडचण विशेष जाणवू शकते.

रायगड किनाऱ्यालगतची स्थिती

मुंबईहून दक्षिणेकडे निघालेली जहाजे रायगड जिल्ह्यातील मांडवा, सासवणे, आवास, किहीम व थळ या गावांसमोरील समुद्रातून पुढे जातात. थळसमोरील खांदेरी बेटावर १८६७ मध्ये बांधलेले दीपगृह आहे. या पट्ट्यात जहाजावरील फोनला किनाऱ्यावरील मनोऱ्यांचा संपर्क मिळू शकतो.

मनोरा व फोन यांच्यातील कमाल अंतर पृथ्वीच्या वक्रतेवर अवलंबून असते. दोहोंच्या मीटरमधील उंचीची वर्गमुळे घेऊन त्यांच्या बेरजेला ४.१२ ने गुणल्यास रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. उदाहरणार्थ, मनोरा ४० मीटर व जहाजाचा डेक १५ मीटर उंच असल्यास हे अंतर सुमारे ४२ किमी येते. मात्र जुन्या जीएसएम पद्धतीत संदेशाच्या वेळेच्या गणनेमुळे नेहमीची मर्यादा ३५ किमी असते. मनोऱ्यांच्या अँटेना मुख्यतः जमिनीवरील वस्तीकडे रोखलेल्या असतात आणि पाण्यावरून परावर्तित लहरी मूळ लहरींत व्यत्यय आणतात. त्यामुळे प्रत्यक्षातील पल्ला याहून बराच कमी असू शकतो. फोनची प्रक्षेपणशक्ती अल्प असल्याने संकेत दिसत असूनही माहिती वर पाठवता न येणे, हा अनुभव येथूनच उद्भवतो.

मुंबईतील भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा २०२० मध्ये सुरू झाली. सुमारे एक तासाच्या या प्रवासात दोन्ही बाजूंचा किनारा जवळ असल्याने उपग्रहाची आवश्यकता भासत नाही. याउलट, २०२१ पासून मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलियासारखी पर्यटन जहाजे किनाऱ्यापासून दूर गेल्यावर मोबाइल मनोऱ्यांच्या कक्षेबाहेर जातात.

भारतातील नियमन

भारतीय सागरी हद्दीत अशी सेवा देण्यासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये उड्डाण व सागरी संपर्क नियम अधिसूचित केले. त्यांनुसार सेवा परवानाधारक कंपनीकडूनच देता येते आणि उपग्रहामार्फत येणारी माहिती भारतातील भूकेंद्रातून जावी लागते. सप्टेंबर २०१९ मध्ये टाटा समूहातील नेल्को या कंपनीने देशातील सागरी संपर्क सेवेचा आरंभ केला. जून २०२५ मध्ये स्टारलिंकला भारतात उपग्रह संपर्क सेवेचा परवाना मिळाला.

मच्छीमार नौका

लहान मच्छीमार नौकांना उपग्रह इंटरनेट सहसा परवडत नाही. त्यांच्यासाठी इस्रोच्या तंत्रज्ञानावर आधारित ट्रान्सपाँडर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १ लाख नौका हे या योजनेचे लक्ष्य आहे. या उपकरणाद्वारे इंटरनेट मिळत नाही. परंतु मोबाइलच्या कक्षेबाहेरही लघुसंदेश, वादळाची सूचना व संकटसंदेश यांची देवाणघेवाण होते.

खलाशांचे हक्क

महिनोन्महिने घरापासून दूर असणाऱ्या खलाशांसाठी इंटरनेट हा कुटुंबाशी संपर्काचा प्रमुख मार्ग आहे. २०२० मधील कोविड साथीत अनेक खलाशांना करार संपल्यावरही जहाजावरच राहावे लागले आणि हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. सागरी श्रम करार, २००६ यामध्ये २०२२ साली केलेल्या सुधारणा २३ डिसेंबर २०२४ रोजी अमलात आल्या. त्यांनी सामाजिक संपर्काच्या सोयीचा समावेश करारातील बंधनकारक मानकांत केला. जहाजमालकांनी शक्य तेथवर इंटरनेट द्यावे आणि शुल्क असल्यास ते वाजवी असावे, असे करारातील मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला.

वापर व शुल्क

पर्यटन जहाजांवर शुल्क प्रतिदिन किंवा संपूर्ण सफरीसाठी आकारले जाते; काही ठिकाणी उपकरणांची संख्याही मर्यादित असते. काही जहाजांवर उपग्रहाला जोडलेले स्वतंत्र मोबाइल जाळे असते. फोन आपोआप त्यास जोडला गेल्यास आंतरराष्ट्रीय रोमिंगचे मोठे शुल्क लागू शकते. फोन विमान स्थितीत ठेवून केवळ वाय-फाय सुरू केल्यास हे टळते. पार्श्वभूमीवर होणारी अद्यतने व छायाचित्रांचा स्वयंचलित संचय बंद ठेवल्यास मर्यादित जोडणीचा अधिक उपयोग होतो.

हेही पाहा

* किहीम
* मांडवा
* खांदेरी
* कृत्रिम उपग्रह
* वाय-फाय